गाईड व्हायचंय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी कॉलेजच्या मुलामुलींना अजिंठ्या-वेरूळला गाईडचं काम कसं शिकवते त्यावर दोन पानं लिहिली होती, म्हणजे वर्गात कमी बसायचं आणि लेण्यात जास्त हिंडायचं हा आमचा प्रकार. त्यावर इतके प्रश्न आले की सगळ्यांना वेगळं लिहिणं शक्यच नाही, त्यामुळे जे प्रश्न पुन्हापुन्हा आले ते इथे घेतलेत. मी २२ वर्षं हे काम करतेय आणि त्यातली शेवटची ९ शिकवतेय सुद्धा, तर जे लिहिलंय ते तिथल्या उन्हातलं आणि अंधारातलं आहे एवढं समजून वाचा.

प्रश्न : मी सिल्लोड तालुक्यातला. इतिहास घेऊन बी.ए. झालंय. अजिंठ्याची सगळी माहिती तोंडपाठ आहे, राजे, सनावळ्या, जातककथा सगळं. पण दोन वेळा ओळखीच्या लोकांना फिरवलं तर १० मिनिटांत निम्मे लोक मोबाईलवर फोटो काढत सुटले. माझं कुठं चुकतंय?

चुकत फार काही नाहीये रे, तू फक्त शेवटापासून सुरुवात केलीस. माहिती सगळ्यात शेवटी लागते. आधी माणसाला दिसायला पाहिजे, दिसलं की तो स्वतःच विचारतो, आणि त्याने विचारलं की मग तुझी सनावळी कामाची.

दोन वर्षांपूर्वीचं सांगते. १४ पोरांची बॅच घेऊन २६ नंबरच्या लेण्यात गेले होते, तिथे डाव्या हाताला भिंतीत बुद्धाचं महापरिनिर्वाण कोरलंय, आडवी झोपलेली मोठी मूर्ती. एक पोरगा लगेच सुरू झाला, मूर्तीची लांबी साधारण ७ मीटर, काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध, वाकाटक राजवट, हरिषेण... अगदी धडाधडा, एकही चूक नाही. मी म्हटलं छान, आता सगळ्यांनी वह्या बॅगेत टाका, मोबाईल पण टाका आणि २० मिनिटं खाली बसा, बोलायचं नाही, फक्त बघायचं. पहिली ५ मिनिटं चुळबुळ, कोणी खोकतंय, कोणी बाजूच्याला कोपर मारतंय. मग हळूहळू शांत झाले. आणि वीस मिनिटांनी मी विचारलं काय दिसलं, तर मागे बसलेली एक मुलगी, जी बॅचमध्ये कधी तोंड उघडायची नाही, ती म्हणाली, "मॅडम, उशी दबलीये." दगडाची उशी! डोकं टेकल्यावर कापसाच्या उशीला जशी चुणी पडते ना तशी चुणी त्या कारागिराने दगडात काढलीये. सगळे उठून पुढे गेले बघायला. मग दुसऱ्याला दिसलं की खाली बसलेली माणसं दुःखात आहेत, कोणी हातावर डोकं टेकलंय, आणि वरच्या बाजूला मात्र आनंद चाललाय. आता हा प्रश्न आला की नाही, खाली रडताहेत आणि वर आनंद का? आता सांग महापरिनिर्वाण म्हणजे काय, खाली शिष्य आहेत ज्यांचा गुरू चाललाय आणि वर देवलोक आहे. आता सांग वाकाटक. आता सात मीटर पण सांग हवं तर. तोच मजकूर, पण आता समोरचा माणूस कान देऊन ऐकतो कारण उशी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीये.

दुसरी गोष्ट, लेण्यात शिरल्या शिरल्या बोलायला लागायचं नाही. बाहेरच्या भगभगीत उन्हातून आत आलेल्या माणसाला पहिली दोन-तीन मिनिटं काहीसुद्धा दिसत नाही, डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. तू पहिल्या लेण्यात गेल्या गेल्या पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र, दाखवायला लागलास तर बिचाऱ्याला नुसती काळपट भिंत दिसणार आणि तो म्हणणार हेच का ते. मी काय करते, लोकांना मधल्या मंडपात थांबवते, डोळे मिटायला लावते, तेवढ्यात फक्त एवढंच सांगते की ही भिंत आधी छिन्नीने खडबडीत ठेवली, मग माती, भाताचं तूस, झाडपाल्याचे धागे कालवून तिचा गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग वाळलेल्या भिंतीवर रंग, निळा रंग तर पार अफगाणिस्तानातून आलेल्या दगडाचा. आणि मग म्हणते आता डोळे उघडा. दर वेळी ग्रुपमधून "अरे" असा आवाज येतो. त्या "अरे" नंतर मी मुद्दाम थोडा वेळ काहीच बोलत नाही.

आणि १० नंबरला जॉन स्मिथचं नाव सगळेच गाईड दाखवतात, २८ एप्रिल १८१९, इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली वगैरे. तू ते नाव दाखव पण त्याच्याखाली पाहुण्याला उभं कर आणि विचार, हे एवढं वर का लिहिलं असेल, तो काय शिडी घेऊन आला होता का? लोक विचार करायला लागतात. उत्तर असं की तेव्हा लेणं मातीच्या ढिगाऱ्याने भरलेलं होतं, तो त्या भरावावर उभा राहिला आणि खांबावरच्या चित्रावर नाव खरवडलं. एका ओरखड्यातून १९ व्या शतकातलं अख्खं लेणं उभं राहतं. आणि एक लक्षात ठेव, "स्मिथने शोध लावला" असं म्हणू नकोस, आसपासच्या गावातल्या लोकांना ती जागा माहीत होती, बाहेरच्या जगाला कळली तेव्हापासून, असं म्हण. तू तिथलाच आहेस, हे तुझ्या तोंडून बरोबर जायला पाहिजे.

बाकी उभं कुठं राहायचं हे पण शिकायची गोष्ट आहे. चित्राकडे तोंड करून बोलणारा गाईड मी रोज बघते, त्याचा आवाज भिंतीला ऐकू जातो आणि लोकांना त्याची पाठ दिसते. चित्राच्या बाजूला उभा राहा, चेहरा लोकांकडे, उजेड अडवू नकोस, आणि बोलायचं ते सगळ्यात मागच्या माणसाशी. चालता चालता बोलायचं नाही, शेवटचा माणूस आल्याशिवाय सुरू करायचं नाही. आणि लेणी ३० आहेत म्हणून तिसाही दाखवायच्या नाहीत, ६-७ पुरतात, एका लेण्यात तीन गोष्टी, त्याच्यावर कोणाच्याच डोक्यात राहत नाही. आता एक काम कर, तुझी पाठ केलेली वही काढ आणि त्यातली निम्मी वाक्यं पेन्सिलीने खोड. ती वाया जात नाहीत, कोणी विचारलं तर आहेतच.

प्रश्न : मी महाडजवळच्या एका कॉलेजात शिकवतो. किल्ले जागतिक वारशात आल्यापासून आमच्याकडे गाईडचा सर्टिफिकेट कोर्स सुरू करायचं चाललंय. ३ महिन्यांत काय काय शिकवावं? सिलॅबस असेल तर पाठवा.

सर, आधी अभिनंदन. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले आले, ११ आपले आणि एक तामिळनाडूतली जिंजी, आणि रायगड तुमच्या दारात. आता परदेशातला माणूस ही यादी वाचून येणार आणि त्याला किल्ला वाचून दाखवणारं माणूस हवं असणार. म्हणून तुमचा कोर्स फार मोलाचा आहे असं मला मनापासून वाटतं.

छापील सिलॅबस माझ्याकडे नाही, मी जे करते ते सांगते, त्यातलं घ्या. निम्म्याहून जास्त तास गडावर ठेवा, हे आधी प्रिन्सिपलकडून लिहून घ्या, नाहीतर पावसाळा, परीक्षा, गॅदरिंग करत करत सगळा कोर्स पीपीटीवर उरकतो.

पहिल्या आठवड्यात पोरांकडून गडाबद्दल जे जे माहिती आहे ते सगळं लिहून घ्या, एका ओळीत एकच वाक्य. मग तीन रंगांची पेनं द्या. ज्याला कागद किंवा शिलालेख आहे ते निळं, जाणकारांचा अंदाज आहे ते हिरवं, आणि लोक सांगतात ते लाल. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही, पोरं भांडतात एकमेकांशी, आणि भांडू द्या, त्या भांडणातच अर्धा कोर्स होतो. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक निळा, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन तेव्हा गडावर होता आणि त्याने पाहिलेलं लिहून ठेवलंय. जगदीश्वराच्या देवळाचा संस्कृत शिलालेख निळा. तिथल्याच पायरीवरची "सेवेचे ठायी तत्पर" ही ओळ निळी, पण पुढचं हिरोजीचं आडनाव कोणी इंदुलकर वाचतं कोणी इटळकर, तर तिथे पोरांना सांगा की दोन्ही वाचनं पाहुण्याला सांगायची, लपवायचं काहीच कारण नाही.

आणि हिरकणी लाल. दूध विकायला आलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, खाली तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली. आता पोरं विचारतात की मॅडम लाल आहे म्हणजे सांगायची नाही का? अरे सांगायची, जीव ओतून सांगायची, बुरुजाच्या कडेला थोडं मागे उभं करून खाली बघायला लावून सांगायची, फक्त सुरुवातीला "लोक असं सांगतात" हे तीन शब्द घालायचे. गोष्ट त्याने कमी होत नाही. बाळासाठी कडा उतरणारी आई ज्या मुलखाने इतकी वर्षं जपली त्या मुलखाबद्दल पाहुण्याला काहीतरी कळतंच की.

मग कानाने शिकवा. नगारखान्याच्या दारात अर्धी बॅच आणि सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी उरलेली, मधे साधारण २०० फूट अंतर. एका पोराने तिथे हळू बोलायचं किंवा नुसता कागद फाडायचा, टर्र, आणि दारातल्यांनी ऐकायचं. माझ्या ओळखीच्या एका रिटायर्ड इंजिनियर काकांनी हे अनुभवल्यावर तिथेच बसून तासभर भिंतींची मापं काढली होती. शंभर वाक्यांनी दरबार कळत नाही तो या एका कागदाने कळतो. फक्त पोरांना बजावून ठेवा, गर्दी असेल तेव्हा हा प्रयोग करायचा नाही, ऐकू आलं नाही की गाईड खोटा पडतो.

आणि हे सगळं एका बाजूला, माणसं सांभाळणं दुसऱ्या बाजूला, जे सिलॅबसमध्ये कोणी घालत नाही आणि जिथे नवा गाईड हमखास कोलमडतो. ग्रुप निघताना, मधे आणि परत आल्यावर मोजायचा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना पायथ्यालाच विचारून रोपवेने पाठवायचं, अर्ध्या वाटेवर विचारून उपयोग नाही. टॉयलेट कुठे, सावली कुठे, पाणी कुठे हे इतिहासाच्या आधी पाठ पाहिजे. उन्हाने चक्कर आली तर काय करायचं, पाय मुरगळला तर काय, यासाठी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना एक दिवस बोलवा. आणि आग्यामोहोळाबद्दल नक्की शिकवा सर, किल्ल्यांवर आणि लेण्यांत हा खरा धोका आहे, धूर नको, उग्र परफ्युम नको, आरडाओरडा नको, माश्या उठल्याच तर तोंड-डोकं झाकून लोकांना तिथून लवकर बाहेर काढायचं, हात झाडत उभं राहायचं नाही.

लेखी परीक्षा घेऊ नका. एकच जागा द्या, समजा जगदीश्वराची पायरी, आणि प्रत्येकाने ती तीन वेगवेगळ्या लोकांना सांगायची, झेडपी शाळेतली चौथीची मुलं, बचत गटातल्या बायका आणि पेन्शनर मंडळी. जो तिघांनाही त्याच शब्दांत सांगेल त्याला पुन्हा बसवा.

प्रश्न : लायसन्स लागतंच का? कुठून मिळतं? एजंट पैसे मागतोय.

एजंटला एक रुपया देऊ नका, आधी ते. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि परीक्षा आहे, घरबसल्या शिकता येतो, पोलिस व्हेरिफिकेशन वगैरे होतं, आणि राज्याच्या पर्यटन खात्यातर्फेही अधूनमधून प्रशिक्षण निघतं. अटी आणि फी बदलत राहतात त्यामुळे मंत्रालयाच्या पोर्टलवर स्वतः वाचा, कोणाच्या फॉरवर्डवर जाऊ नका. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंमध्ये पैसे घेऊन गाईडचं काम करायचं तर अधिकृत ओळखपत्र हवंच आणि ते गळ्यात दिसायला हवं. ज्यांना पूर्ण वेळ हेच शिकायचंय त्यांच्यासाठी केंद्र सरकारची १९८३ मध्ये सुरू झालेली ट्रॅव्हल-टुरिझमची संस्था ग्वाल्हेरला आहे, तिचं एक केंद्र गोव्यातही आहे, आपल्याला जवळ. फक्त एक समजून घ्या, ओळखपत्र म्हणजे नोकरी नाही, पगार कोणी देत नाही, काम आपलं आपण मिळवायचं असतं.

प्रश्न : वेरूळला गेलेले पाहुणे म्हणतात कैलास माणसाने केलाच नाही, परग्रहावरच्या लोकांनी केला, यूट्यूबवर बघितलंय. वाद घालावा की सोडून द्यावं? (वेरूळजवळचा विद्यार्थी)

वाद अजिबात नको आणि सोडून तर मुळीच देऊ नकोस. ज्या हातांनी ते खोदलं त्या हातांचं श्रेय आपल्यासमोर काढून घेतलं जातंय आणि आपण गप्प बसायचं, हे मला तरी जमत नाही.

पण त्या माणसाला आश्चर्य वाटलंय हे खरं आहे ना, ते धर. मी म्हणते, तुमच्यासारखंच आश्चर्य कैलास करणाऱ्यालाही वाटलं होतं. राष्ट्रकूट कर्कराजाचा एक ताम्रपट बडोद्याला मिळाला, इ. स. ८१२-१३ चा, त्यात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या देवळाचं वर्णन आहे, ते कृष्णराजाने करवलं असं आहे, आणि ते घडवणारा शिल्पी स्वतःच थक्क होऊन म्हणतो की हे मी कसं काय केलं. एवढं सांगितलं की माणूस गप्प होतो आणि परत वर बघतो.

मग त्याला कसं केलं ते दाखव. डोंगर वरून खाली कापत आणला, कळस आधी आणि पायथा शेवटी, त्यामुळे परांची बांधायची गरजच पडली नाही, खालचा दगड हीच उभं राहायची जागा. आजूबाजूच्या भिंतींवर छिन्नीचे घाव अजून आहेत, तिथे नेऊन दाखव. आणि तो अजिंठ्याला पण जाणार असेल तर त्याला २४ नंबर चुकवू देऊ नकोस, अर्धवट राहिलेलं लेणं, खांब नुसते ठोकळे, काही ठिकाणी आकार यायला लागलेत आणि काम तिथेच थांबलंय. लोक अर्धवट लेण्यांकडे पाठ फिरवतात, मला वाटतं गाईडसाठी तीच सगळ्यात चांगली शाळा आहे, कारण तिथे कारागीर आत्ताच जेवायला गेलाय आणि परत येईल असं वाटतं.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे, तिला गाईड व्हायचंय. घरचे म्हणतात अनोळखी लोकांबरोबर दिवसभर फिरायचं, पोरीचं काम आहे का हे? तुम्ही स्वतः बाई आहात म्हणून विचारतेय. (कन्नड)

ताई, तुमची काळजी खोटी नाही. माझ्या आईने मला पहिली दोन वर्षं रोज संध्याकाळी फोन करून विचारलं होतं, आलीस का. तेव्हा अजिंठ्याच्या टी-जंक्शनवर, म्हणजे लेण्यांच्या फाट्यावर, मोबाईलला रेंज नसायची आणि मी एसटीडी बूथ शोधत फिरायचे.

आज परिस्थिती बरीच बदललीये, ताडोब्याच्या जंगलात आसपासच्या गावातल्या बायका-मुली जिप्सीमध्ये पुढे बसून वाघाच्या पावलांचे ठसे दाखवतात, मी स्वतः त्यांच्याबरोबर फिरलेय आणि त्यांच्याकडून शिकलेय पण. आमच्याकडे मी मुलींना काही नियम सुरुवातीलाच घालून देते आणि ते मुलांनाही तितकेच लागू आहेत. पहिलं वर्ष एकटीने काम घ्यायचं नाही, सिनियर गाईडबरोबर जायचं. बुकिंग ओळखीच्या ट्रॅव्हल एजन्सीकडून किंवा हॉटेलकडून, रस्त्यात अडवून विचारणाऱ्याकडून नाही. पाहुण्याचं नाव, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा फोन हे निघण्याआधी घरी पाठवलेलं पाहिजे. संध्याकाळी साइट बंद झाली की काम संपलं, जेवायला चला, हॉटेलवर सोडा असलं काही नाही, "नाही" हा शब्द हसून पण स्पष्ट बोलता यायला पाहिजे, आणि तो आम्ही वर्गात जोड्या पाडून प्रॅक्टिस करून घेतो, खरंच.

आणि एक सांगू का, बाई गाईड असली की ग्रुपमधल्या बायका मोकळ्या होतात. टॉयलेट कुठे आहे हे त्या पुरुष गाईडला विचारत नाहीत, पाणी पीत नाहीत, आणि दुपारी चक्कर येऊन बसतात. अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात हारीतीची मूर्ती आहे, मुलांना खाणारी यक्षीण जी पुढे मुलांची रक्षणकर्ती झाली, खाली शाळेत बसलेली आणि दंगा करणारी पोरं कोरलीयेत, तिथे बायका ज्या गप्पा मारतात माझ्याशी त्या मी अजून कुठल्या पुस्तकात वाचलेल्या नाहीत. मुलीला घेऊन एकदा या, दिवसभर माझ्या ग्रुपबरोबर तुम्ही दोघी फिरा आणि मग घरी जाऊन ठरवा. घरच्यांनाही आणा.

प्रश्न : पैसे किती मिळतात हो? आणि दुकानातलं कमिशन घेण्यात गैर काय आहे, सगळेच घेतात.

सीझन ऑक्टोबर ते मार्च. तेव्हा काम असतं, उन्हाळ्यात सुट्टीला आलेली आपलीच माणसं असतात, पावसाळ्यात अजिंठा सगळ्यात सुंदर, वाघूर नदीचा धबधबा कोसळत असतो, पण परदेशी पाहुणे कमी. म्हणजे सहा महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचं हे गणित आधीच डोक्यात ठेवून या धंद्यात या. मार्च २०२० मध्ये लेणी बंद झाली तेव्हा आम्हा सगळ्यांची कमाई एका दिवसात शून्य झाली, मी शिकवण्या घेऊन दिवस काढले. म्हणून मी मुलांना सांगते की एका साइटवर अवलंबून राहू नका, छत्रपती संभाजीनगर शहरात बीबी का मकबरा आहे, पाणचक्की आहे, जुने दरवाजे आहेत, सकाळी दोन तासांचा वॉक बसवता येतो, शाळांच्या सहली घेता येतात. एखादी परकी भाषा शिका. थायलंड, श्रीलंका, व्हिएतनाम, जपानहून बौद्ध भाविक येतात आणि त्यांची भाषा बोलणारे गाईड फार थोडे आहेत.

आता कमिशन. मी पण घेतलंय, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. एका दुकानदाराने सांगितलं होतं ग्रुप आण, पैठणी-हिमरूच्या खरेदीवर तुला इतके टक्के. मी पुण्याच्या एका रिटायर्ड शिक्षक जोडप्याला तिथे नेलं, तासाऐवजी दोन तास गेले, आणि वेरूळला पोचलो तेव्हा फार उशीर झाला होता. कैलास बघायला हाताशी अर्धा तास पण नव्हता. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, दुपारनंतर ऊन आत येतं आणि मूर्ती उजळतात, नेमका तोच वेळ मी दुकानात घालवला. रावण कैलास हलवतोय ते शिल्प मी त्यांना धावत धावत दाखवलं, पार्वतीने घाबरून शंकराचा दंड धरलाय, मागे दासी पळतेय, शंकराने मात्र पायाच्या अंगठ्याने डोंगर दाबलाय, आणि वॉचमन शिट्टी मारतोय. त्या बाई जाताना एवढंच म्हणाल्या, "आम्ही हे बघायला २५ वर्षं थांबलो होतो हो." मी त्या रात्री झोपले नाही. त्यानंतर नाही घेतलं. पाहुण्याने स्वतः विचारलं साडी कुठे घेऊ तर तीन दुकानांची नावं सांगते आणि लेणी बघून झाल्यावर जा म्हणते. फी मात्र पूर्ण घेते, ठरलेली, आधी सांगून, त्यात लाजायचं काही नाही.

प्रश्न : माझं इंग्रजी कच्चं आहे आणि मी खेड्यातली आहे. तरी जमेल का? आणि पहिल्या दिवशी बॅगेत काय काय ठेवू?

जमेल गं. साइटवर येणाऱ्यांमध्ये मराठी आणि हिंदी बोलणारेच जास्त असतात आणि त्यांना नीट मराठीत सांगणारं माणूस क्वचित मिळतं. आपले बौद्ध बांधव सगळ्या महाराष्ट्रातून घरच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन येतात, त्यांच्यासाठी ही सहल नसते, श्रद्धेची जागा असते. ते वंदना म्हणायला लागले की तू चप्पल काढून बाजूला शांत उभी राहा, त्यांचं झालं की मग बोल. मी एका आजींना मूर्तीपुढे रडताना बघितलंय, त्या वेळी मी त्यांना कुठल्याही राजाचं नाव सांगितलं नाही, फक्त हात धरून पायऱ्या उतरवून आणल्या. हे तुला कोणी इंग्रजीत शिकवणार नाही आणि ते तुला बहुतेक आधीच येत असेल. इंग्रजी रोज १० वाक्यं कर, खांब, छत, गिलावा, कमळ, शिष्य असल्या आपल्या कामाच्या शब्दांपासून, वर्षभरात येईल.

बॅगेत पाण्याच्या दोन बाटल्या, एक तुझी आणि एक जो विसरून आलाय त्याची. टॉर्च, पण चित्रांवर मारायला नाही, अंधाऱ्या पायऱ्यांसाठी, आणि फ्लॅश कोणाला वापरू द्यायचा नाही. गूळ-शेंगदाणे, बँडेज, ओआरएसची पाकिटं, टोपी, सुटे पैसे. पायात जुने, सवयीचे बूट, नवे घालून पहिल्या दिवशी जाऊ नकोस, फोड येतात. आणि कोणी फोनवर विचारलं की आम्ही अमुक तारखेला येतोय, तर आधी कॅलेंडर बघ आणि मग हो म्हण : सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद.